दिसलं तेवढंच काढलं

"या बघा, आपल्याकडे नवीन शास्त्रज्ञ आल्या आहेत."

मॅडमनी माझं जर्नल दोन बोटांच्या चिमटीत धरून वर उचललं. ओलं फडकं उचलावं तसं. सगळ्या बाकांना दिसेल असं धरलं. उघडं पान माझ्या चित्राचं. त्यावर तीस-बत्तीस चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक गोल. दुसरं काही नाही.

"यांना कांद्याच्या मुळात एकही पेशी विभागताना दिसली नाही. अख्ख्या वर्गाला दिसली. फक्त यांना नाही."

हसले. वर्गातले सगळे नाही हसले, पण जे हसले नाहीत तेही गप्प होते.

मी उभी राहिले. म्हणाले, "मॅडम, मले खरंच नाही दिसली."

'मले' ऐकून मागच्या बाकांवर पुन्हा खसखस पिकली. पुण्यात येऊन मला दुसरं वर्ष लागलं होतं. 'मला' म्हणायची सवय झाली होती. पण घाबरले की जीभ आपल्या गावाला पळते.

"डोळे तपासून घ्या," मॅडम म्हणाल्या. "आता तेही फुकट मिळत असेल तुम्हाला."

मी कुठल्या रकान्यातून आले ते प्रवेशाच्या यादीत लिहिलेलं होतं. मॅडमना ती यादी पाठ होती. आम्हा चौघी-पाचजणींशी त्या कधी 'तू' म्हणून बोलल्या नाहीत. नेहमी 'तुम्ही'. त्या 'तुम्ही'त आदर नव्हता, आमचा सगळा मोहल्ला होता.

मग त्यांनी मला प्रश्न विचारला. "जी-झीरो म्हणजे काय? मागच्या तासाला शिकवलंय." मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं. "काही पेशी चक्रातून बाहेर पडतात. पुढे जात नाहीत, विभागत नाहीत. नुसती जागा अडवून बसतात. काही माणसांचंही तसंच असतं. जागा मिळते, मग बसतात."

या वेळी कुणी हसलं नाही. ते मला जास्त लागलं. कारण सगळ्यांना नीट कळलं होतं.

मॅडमनी जर्नल माझ्या पुढ्यात टाकलं. टेबलावरचं खोडरबर बोटाने माझ्याकडे सरकवलं.

"पुसा. आणि चारही अवस्था काढा. शेजारणीचं बघून काढा, लाजू नका."

मी पुसलं.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. त्यांनी काय म्हटलं ते मी पुष्कळांना सांगितलं आहे. मी पुसलं, हे सांगितलं नव्हतं. बत्तीस पेशी, एकेक करून. कागद घासून घासून मऊ पडला. त्यावर मी शेजारच्या सानिकाचं बघून चार चित्रं काढली. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. सानिका हलक्या आवाजात म्हणाली, "अगं, दिसत कुणालाच नाहीये. काढून मोकळं व्हायचं."

तिच्या जर्नलखाली दुसरं जर्नल होतं. तिच्या चुलतबहिणीचं, तीन वर्षांपूर्वीचं. त्यात ती चार चित्रं छान टोकदार पेन्सिलीने काढलेली, खाली मॅडमची सही. वर्गात अशी सात-आठ जर्नलं फिरत. कुणाच्या ताईचं, कुणाच्या दादाचं. सगळे एका डोळ्याने सूक्ष्मदर्शकात बघायचे आणि दुसऱ्या डोळ्याने जुन्या जर्नलात. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. मला जुनं जर्नल कोण देणार? माझ्याकडे काचेवर होतं तेवढंच होतं.

मी भंडाऱ्याकडची. आई झेडपीच्या शाळेत खिचडी शिजवते. मराठीतून शिकले. नववीत पेशी विभाजनाचा धडा आला तेव्हा मी वेडी झाले होते. एका पेशीच्या दोन होतात, आणि दोघींना सगळं सारखं मिळतं. आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते. मग सगळी गुणसूत्रं मधल्या रेषेवर येऊन उभी राहतात, त्यांचे दोन-दोन भाग होतात, एक भाग इकडे, एक तिकडे. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. आमच्या गावात अशी वाटणी मी कधी पाहिली नव्हती. ते डोळ्यांनी बघायचं म्हणून मी पुण्याला आले. लोकांना हे हसण्यासारखं वाटतं. पण मी खरोखर तेवढ्यासाठी आले.

त्या दिवशी संध्याकाळी वसतिगृहात परत जायला स्वारगेटची बस पकडली आणि खिडकीला डोकं लावून रडले. आईचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मोठ्या लोकायच्या तोंडी लागू नको, माय. तोंड बंद ठेव, शिकून घे. मंग बोलजो."

मंग. तिची आईही तिला तेच सांगत असणार.

आमच्या प्रयोगशाळेत शंकरकाका होते. परिचर. कंत्राटावर. हिंजवडीच्या बाजूचे, शेतकरी घरातले. जमीन गेली, तिथे आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. काका रोज दीड तास बसने उलटे पुण्यात यायचे, आमच्यासाठी कांदे ठेवायला. काम सोपं वाटतं. रुंद तोंडाच्या बाटलीत काठापर्यंत पाणी भरायचं, त्यावर कांदा असा बसवायचा की बूड फक्त पाण्याला टेकेल. पाणी रोज बदलायचं. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं सुटतात. मग मुळांची टोकं कापून औषधात टाकायची. औषध म्हणजे अल्कोहोल आणि अ‍ॅसिटिक आम्ल. त्यात पेशी ज्या अवस्थेत असेल तिथेच थांबते. विभागत असेल तर विभागताना. स्वस्थ असेल तर स्वस्थ.

काकांच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम लाल असायचं. मुळाचं टोक लाल रंगात शिजवून, काचेवर ठेवून, वरून अंगठ्याने दाबायचं असतं. काच न सरकवता, नेमका जोर देऊन. ते अख्ख्या विभागात काकांइतकं कुणाला जमत नव्हतं. मॅडमनाही नाही. काकांनी करून दिलेल्या काचा मॅडम वर्गाला दाखवायच्या आणि म्हणायच्या, "मी केलेल्या बघा."

त्या प्रसंगानंतर मी रोज लवकर जायला लागले. आठच्या आत. वसतिगृहात मुली विचारायच्या, कुठे जातेस? मी सांगायचे, अभ्यासाला. खरं तर मला एकदा खात्री करून घ्यायची होती. दोष माझ्या डोळ्यांत आहे की काचेत.

काकांनी मला विचारलं नाही काय झालं. त्यांना माहीत होतं. ते दाराशी उभे होते तेव्हा. म्हणाले, "पोरी, तुझं डोळं चांगलं हायेत. मुळं दुपारी तोडल्याली हुती."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. कांद्याची मुळं सकाळी तोडायची, आठ-साडेआठला. तेव्हा पेशी जोरात विभागत असतात. दुपार झाली की बहुतेक स्वस्थ. पण औषधाच्या बाटल्या मॅडमच्या कपाटात, कपाटाची चावी मॅडमच्या पर्समध्ये, आणि मॅडम यायच्या साडेबारानंतर. काकांनी दोनदा सांगून पाहिलं होतं. मॅडमचं उत्तर काकांनी मला त्यांच्याच आवाजात करून दाखवलं.

"कांद्याला घड्याळ कळत नाही, शंकर."

आधीच्या बॅचचं उरलेलं थोडं औषध काकांनी एका लहान बाटलीत वेगळं ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यादेखत मुळं कापली. संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं, पण तेवढ्यात मुळं औषधात पुरती मुरत नाहीत म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी काच तयार केली. स्पिरिटच्या दिव्यावर हात फिरवल्यासारखी काच फिरवली. वर टिपकागद ठेवला. अंगठा दाबला. आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून स्वतः बाजूला झाले.

"बघ."

मी बघितलं.

सगळीकडे होतं. एका पेशीत लोकर गुंतावी तसे धागे. पूर्वावस्था. तिच्याच खाली एकीत गुणसूत्रं मधोमध ओळीत उभी. मध्यावस्था. उजवीकडे दोन जुडगे एकमेकांपासून मागे सरकत चाललेले, शेपट्या लोंबत्या. पश्चावस्था. आणि कडेला दोन लहान लाल गोळे, त्यांच्या मध्ये नवी भिंत घालायला घेतलेली. पुस्तकातल्याइतकं स्वच्छ नव्हतं. वेडंवाकडं होतं, एकावर एक आलेलं होतं. पण खरं होतं. काच धुकट झाली तेव्हा कळलं की मी रडते आहे.

"काका, तुम्ही बघता का कधी?"

ते हसले. "म्या? मला बघायची परमिशन न्हाई. म्हागं एकदा बघितलं तर म्याडम म्हणल्या, तुला काय कळणार त्यातलं."

वीस वर्षं काचा करणाऱ्या माणसाला.

मी उठले. त्यांना माझ्या स्टुलावर बसवलं. त्यांनी एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिले. मी नावं सांगत गेले. ते प्रत्येक नावावर फक्त "हां" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी ह्या दोघींस्नी सारखंच मिळतंय व्हय." मी म्हटलं, हो. त्यांनी डोळा भिंगावरून हटवला, रुमालाने पुसला आणि बाटल्यांचं पाणी बदलायला गेले.

त्याच दिवसांत मी ग्रंथालयात जी-झीरोबद्दल वाचलं. त्यातल्या सगळ्याच पेशी संपलेल्या नसतात. यकृताच्या पेशी वर्षानुवर्षं स्वस्थ असतात, पण यकृताला जखम झाली की त्याच पेशी पुन्हा चक्रात शिरतात आणि कापलं गेलेलं भरून काढतात. मॅडमनी तेवढा भाग सांगितला नव्हता.

आणि माझ्या पुसलेल्या चित्रात काहीच नव्हतं, हेही खोटं होतं. इंटरफेज होतं. पेशी बहुतेक आयुष्य त्याच अवस्थेत काढते. बाहेरून वाटतं काही चाललेलं नाही. आत ती वाढत असते, सगळ्या डीएनएची नक्कल करून ठेवत असते, पुढे जायच्या आधी सगळं नीट झालं की नाही तपासत असते. मी बत्तीस खऱ्या पेशी पुसल्या होत्या आणि चार खोट्या काढल्या होत्या. आणि खाली मॅडमची सही होती.

काही दिवसांनी मॅडमना काकांची ती लहान बाटली सापडली. "माझ्या परवानगीशिवाय रसायन बाहेर ठेवायचं नाही," म्हणाल्या. बाटली कपाटात गेली. कुलूप लागलं.

मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. आदल्या दिवशी मी सवयीने आठला प्रयोगशाळेत होते. कांद्यांना सुंदर मुळं आली होती. काका हातात ब्लेड घेऊन कपाटासमोर उभे. त्यांनी माझ्यासमोर मॅडमना फोन लावला. "म्याडम, उद्याच्याला मुळं आत्ता तोडाय पायजेत. चावी कुणाकडं द्याल का?" पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. काकांनी फोन खिशात ठेवला आणि ब्लेड कागदात गुंडाळलं.

मुळं एक वाजता तुटली.

परीक्षेला बाहेरून एक वयस्क परीक्षक आले होते. परीक्षा सुरू व्हायच्या आधी त्यांनी दोन काचा बघितल्या. आम्ही हॉल तिकीट हातात धरून भिंतीला लागून उभ्या. ते म्हणाले, "यात तर काहीच नाही. मुळं कधी तोडली?"

मॅडम लगेच म्हणाल्या, "शंकरचा हलगर्जीपणा, सर. सांगून सांगून थकले मी. सकाळी तोडायची असतात, एवढंही लक्षात राहत नाही यांच्या."

काका ट्रे घेऊन उभे होते. म्हणाले, "म्याडम, म्या सकाळी आलो हुतो की. चावी..."

"उलट बोलू नकोस. सरांसमोर तरी."

काकांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या रांगेतून फक्त माझ्याकडे. काही मागितलं नाही, नुसतं बघितलं. आदल्या दिवशी आठ वाजता तिथे दोनच माणसं होती.

मी हॉल तिकिटावरचा माझा नंबर वाचत राहिले. एकेक आकडा. तोंडात मूग धरून. डोक्यात आईचा आवाज. तोंड बंद ठेव, शिकून घे.

परीक्षक म्हणाले, "बरं, असू द्या. सुरू करा."

चोर सोडून संन्याशाला फाशी लागली आणि मी ती उभ्या उभ्या बघितली.

मग मी माझ्या जागेवर बसले. मूळ शिजवलं, दाबलं, काच लावली. बघितलं. इंटरफेज. सगळीकडे इंटरफेज. काच फिरवली, दुसरी केली. तेच. आजूबाजूला पेन्सिली चालू झाल्या होत्या. सानिका मध्यावस्था काढत होती, पट्टी लावून. सगळ्यांच्या कागदावर गुणसूत्रं ओळीत उभी राहत होती. एकाच्याही काचेत ती नव्हती.

मला ती चार चित्रं डोळे मिटून काढता आली असती. मी ती खरोखर बघितलेली एकटी होते वर्गात.

मी तीस चौकटी काढल्या. प्रत्येकीत एक गोल. खाली लिहिलं: इंटरफेज. विभाजन दिसले नाही.

मॅडम पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. वाकल्या. हळू म्हणाल्या, "अजून वेळ आहे. पुसा." खोडरबर माझ्या कागदावर ठेवलं.

मी ते उचललं आणि त्यांच्या हातात परत दिलं.

तोंडीच्या वेळी परीक्षकांनी विचारलं, "विभाजन का दिसलं नाही?" मॅडम शेजारच्या खुर्चीत. मी म्हणाले, आणि मुद्दाम माझ्याच भाषेत म्हणाले, "सर, मुळं एक वाजता तोडली. काकायनं सकाळीच चावी मागितली होती. मॅडमनं देली नाही. मी तेथंच होती."

परीक्षक चष्मा काढून पुसत बसले. मॅडम इतकंच म्हणाल्या, "सर, या मुलीचा थोडा प्रॉब्लेम आहे. पुढची बोलवू का?"

मी प्रात्यक्षिकात नापास झाले. वर्ष राहिलं. ते मी भरून काढलं, त्याचं मला दुःख नाही. काकांना मात्र पहिल्या तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं. कंत्राटी माणसाला कारण सांगावं लागत नाही. तोंडीच्या खोलीत मी बोलले ते खोलीतच राहिलं. त्या भिंतीबाहेर सगळ्यांच्या लेखी मुळं काकांनीच बिघडवली होती. मी बोलले ते वरातीमागून घोडं होतं.

दोन महिन्यांनी त्यांचा पत्ता शोधत हिंजवडीला गेले. कंपन्यांच्या बसच्या रांगेत माझी बस तास-दीड तास अडकली. काका एका इमारतीच्या फाटकावर निळ्या गणवेशात बसले होते, येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत. मला बघून उठले. खुर्ची दिली. चहा मागवला. त्यांच्या अंगठ्याचा लाल रंग गेला होता.

मी त्यांना सांगितलं की मी बोलले. परीक्षकांसमोर, मॅडमसमोर, सगळं. मला वाटलं होतं, ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. रागावून नाही, एखादी गोष्ट शिकवताना सांगतात तसं म्हणाले, "मूळ सकाळी तोडायचं असतंय, पोरी. दुपारी तोडून उपेग न्हाई."

मग गाडी आली. ते नंबर लिहायला उठले.

परतीच्या बसमध्ये मी रडले नाही. रडण्यासारखं ते नव्हतं. त्यांनी मला दोष दिला नव्हता, माफही केलं नव्हतं. जसं होतं तसं सांगितलं होतं. मी तासाभराने बोलले, आणि त्या तासात एका माणसाची वीस वर्षं गेली.

आता मी दुसऱ्या एका कॉलेजात शिकवते, तासिका तत्त्वावर. तेच प्रात्यक्षिक. कांदे मी स्वतः ठेवते. औषधाच्या कपाटाची चावी परिचर बाईंकडे असते, आणि वर्गाने बघायच्या आधी पहिली काच त्या बघतात. मुलांना पहिल्या दिवशी एवढंच सांगते, जुनं जर्नल घरी ठेवून या.

उद्या आमची परीक्षा आहे. परीक्षकांच्या यादीत मॅडमचं नाव आहे. मुळं आज सकाळी साडेआठला तोडून झाली. तरी तीस मुलांत एखाद्याच्या काचेत काही दिसणार नाही, दरवर्षी असं एखादं निघतं. तो चौकटी काढेल आणि आत एकेक गोल. मॅडम त्याच्यामागे जाऊन उभ्या राहतील, आणि खोडरबर पुढे सरकवतील.

मी तिथेच असेन. तोंडी परीक्षेची वाट बघणार नाही. मंग नाही, नंतर नाही. खोडरबर कागदाला टेकायच्या आत बोलेन.